‘क’ची उभी रेघ

१९९५ साली ढोकी-तेर परिसरातल्या जात्यावरच्या ओव्या मी संगणकावर नोंदवल्या. प्रोग्रॅम डॉसवरचा फॉक्सप्रो होता आणि मराठी अक्षरे दाखवण्याचे काम संगणकात बसवलेले ‘जिस्ट’ कार्ड करी. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक जणी आज हयात नाहीत. वेळीच सीडीवर उतरवलेल्या फायली तेवढ्या माझ्यापाशी उरल्या.

आजचे ६४-बिट विंडोज डॉसकाळातले १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही. त्यावर तोड ‘डॉसबॉक्स’ची. हा प्रोग्रॅम जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग घेतो. त्यात फॉक्सप्रो सुरू झाला, पण ओव्यांच्या जागी नुसत्या रेघा आणि चौकटी दिसल्या. जिथे ‘क’ हवा, तिथे उभी रेघ.

उलगडा त्या रेघेतच होता. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ‘क’चा क्रमांक १७९. कार्ड तो पाहून ‘क’ काढी. डॉसच्या मूळ तक्त्यात मात्र १७९ म्हणजे उभी रेघ. अक्षर जागेवरच होते, दाखवणारा गेला होता. युनिकोडची देवनागरी मांडणीही इस्कीवरच बेतलेली आहे. तिथे ‘क’ २३२५ वर येतो. असे क्रमांक जुळवत ओव्या परत वाचता आल्या.

जुन्या डीटीपी फॉन्टांतल्या फायलींचे काम अवघड आहे. तिथे क्रमांक अक्षराच्या तुकड्यांना दिलेले असतात आणि कंपनीगणिक तक्ता बदलतो. म्हणून जुना प्रोग्रॅम चालला एवढ्यावर थांबू नये. मजकूर युनिकोडमध्ये आणला, तरच तो पुढच्यांच्या हाती लागेल.