बीटेकनंतर इंग्रजी साहित्यात एमए? नीट समजून घेऊ

डिंभ्याचा पोरगा, दिवसभर कोडिंग करतो आणि म्हणतो, इंग्रजी साहित्यात एमए करायचंय. गावात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "त्याने पगार वाढतो का रे?" प्रश्न चुकीचा नाहीये. म्हणून आज सरळ हिशोब मांडू.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एमए म्हणजे स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. मीटिंगमध्ये फाडफाड बोलता यावं एवढंच हवं असेल, तर दोन वर्षं इथे घालवू नका. इथे कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा वाचायची आणि त्यावर लांबलचक उत्तरं लिहायची असतात.

आता प्रवेश. बीए इंग्लिशच पाहिजे असं सगळीकडे नसतं. इग्नूला कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे बीटेकही. जानेवारी आणि जुलै, असे वर्षातून दोनदा प्रवेश होतात. कोर्स दोन वर्षांचा, पण नोकरीमुळे रखडला तर चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतो. असाइनमेंटला ३० टक्के वेटेज, परीक्षेला ७०. अभ्यासाची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर फुकट आहेत. फी भरण्याआधी एक युनिट मोबाईलवर वाचून बघा. दहाव्या पानावर झोप आली, तर तेही एक उत्तरच आहे!

मग करिअरचं काय? सीनियर कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट लागते. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. इथे एक मेख आहे. इग्नूत ४० टक्क्यांना पास होता येतं, पण नेटसाठी खुल्या गटाला एमएत ५५ टक्के लागतात, राखीव गटांना ५०. त्यामुळे नुसतं पास होऊन भागत नाही. आणि नेट-सेट झाली तरी अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वाचंच काम येतं: जेवढे तास, तेवढेच पैसे. घरावर कर्ज असेल तर चालू नोकरी सोडून यात उडी मारू नका. नोकरी सांभाळून करा.

मग करायचं कशाला? मराठीतली थोडी नावं घेतो. भालचंद्र नेमाडे, विंदा करंदीकर, जी. ए. कुलकर्णी. तिघेही कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि लिहिलं मराठीत. विंदांनी तर 'किंग लिअर' मराठीत आणला. अरुण कोलटकरांचं उलट बघा. जेजुरी आपल्याच जिल्ह्यातली, तिच्यावर त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या आणि १९७७ मध्ये कॉमनवेल्थ पुरस्कार मिळवला. म्हणजे इंग्रजी शिकलं की मराठी सुटते, असं काही नाही.

अजून एक कारण, आपल्या घराजवळचं. डिंभे धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडलं, ते जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. सरकारी कागदावर त्या माणसांना एकच शब्द, 'प्रकल्पग्रस्त'. आजी मात्र सांगते, "आमचं गाव पाण्यात गेलं." गोष्ट एकच, पण कोण सांगतंय यावर ती बदलते. साहित्याचा अभ्यास नेमका हाच प्रश्न विचारायला शिकवतो: हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि काय गाळलंय? ही नजर एकदा आली की बातमी असो, जाहिरात असो की कंपनीचा गोड ईमेल, तुम्ही तो वेगळाच वाचता.

तर फक्त पगारासाठी असेल, तर राहू द्या. शिकवायचं असेल, तर ५५ टक्के डोक्यात ठेवून सुरुवात करा. आणि वाचायची खरीच भूक असेल, तर बीटेकची डिग्री आड येत नाही. रोज एक तास काढता येतो का, एवढंच महिनाभर तपासा आणि मगच फॉर्म भरा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!