विंडोज बदलण्याआधी ४८ अंक कागदावर उतरवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबला आणि जुन्या संगणकांवर नवी विंडोज टाकून घेण्याचा प्रश्न सोलापुरातही आला. इथल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांची डिझाइनं, जीएसटीचे हिशेब, सगळं बहुधा एकाच लॅपटॉपच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये असतं. ‘सी’ फॉरमॅट केला तरी ‘डी’ला काही होत नाही, हा आपला जुना भरवसा. तो आता पुरेसा नाही.

गेल्या काही वर्षांतल्या कित्येक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ‘डी’ उघडण्याची किल्ली ‘सी’मधल्या विंडोजकडे असते. ‘सी’ पुसला की ‘डी’ जागेवर राहतो, पण ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर दुरुस्तीवालाही हतबल आहे.

म्हणून लॅपटॉप दुकानात देण्याआधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधा, तिचा आयडी आपल्या ड्राइव्हशी जुळवा आणि ती कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली की ऐनवेळी कामाची नाही.

एवढ्यावर थांबू नका. इन्स्टॉल करताना चुकून ‘डी’च फॉरमॅट झाला, तर त्यावरची किल्लीची नोंदही पुसली जाते; मग ४८ अंक हातात असूनही फाइली मिळत नाहीत. आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळं कॉपी करा, त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा आणि मगच दुकान गाठा.