वेगाचें मोल

तळहातावर मावणारी विजेची मोटर, तिच्या जोरावर धांवणारी हातभर लांबीची गाडी आणि दुरून रेडिओलहरींनीं तिला हांकणारा खेळाडू, हें दृश्य आतां अपरिचित राहिलेलें नाहीं. गाडी घरीं येऊन चार दिवस होतात न होतात तोंच खेळाडूच्या मनांत प्रश्न येतो : हिचा वेग वाढवितां येईल काय ? येईल, पण त्याचें मोल द्यावें लागतें. तें कसें ठरतें हें कळण्यास मोटरीचें अंतरंग पाहिलें पाहिजे.

अशा गाड्यांत पुष्कळ वर्षें वापरांत असलेली मोटर ‘५४०’ या नांवानें ओळखली जाते. व्यास सुमारें ३६ मिलिमीटर, लांबी सुमारें ५०. डबीच्या आंत दोन स्थिर चुंबक आणि त्यांच्यामध्यें फिरणारें तीन भुजांचें आर्मेचर. प्रत्येक भुजेवर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. साध्या मोटरींत ते बहुधा २७ असतात. कार्बनचे दोन ब्रश कॉम्यूटेटरवर घासून या वेढ्यांना वीज पुरवितात.

चुंबकांमध्यें फिरणारी तार स्वतःही वीज उत्पन्न करते, आणि ती बॅटरीच्या विजेला उलट ढकलते. मोटर वेग घेते तसतसा हा उलट दाब वाढतो. तो बॅटरीच्या दाबाजवळ पोंचला कीं वेग स्थिरावतो. म्हणून वेढे निम्मे केले तर तेवढाच उलट दाब उत्पन्न होण्यास मोटरीला जवळजवळ दुप्पट वेगानें फिरावें लागतें. वेग वाढविण्याचें रहस्य तें हेंच.

मात्र आतां पूर्वींइतकाच जोर देण्यास दुप्पट प्रवाह लागतो. म्हणून मोकळ्या झालेल्या जागेंत कारागीर दुप्पट छेदाची तार भरतो. लांबी निम्मी व छेद दुप्पट, त्यामुळें तारेचा रोध चौथाईवर येतो आणि तापण्याचा हिशेब बरोबरींत सुटतो. खरा खर्च होतो तो हवेशीं झुंजतांना. वेग दुप्पट झाला कीं हवेचा अडथळा चौपट होतो. दंतचक्रें तींच ठेवलीं तर मोटरीला चौपट जोर, म्हणजे आठपट प्रवाह लागतो. आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें, रोध चौथाई होऊनही ती सोळापट होते! मग तारेवरील मुलामा करपतो, कॉम्यूटेटरवर ठिणग्या उडतात, आणि हौसेनें गुंडाळलेली मोटर जळून जाते.

यावर जाणते लोक कांहीं उपाय योजतात. आंसाला बॉल-बेअरिंग बसवून घर्षण कमी करतात. ब्रश फिरण्याच्या उलट दिशेला किंचित्‌ सरकवून ठिणग्या आंवरतात. मोटरीवरचें दंतचक्र लहान घेऊन तिचा भार हलका करतात. त्यांत थोडा वेग जातो, पण मोटर वांचते. ब्रशरहित मोटरींत तर वेढे स्थिर व चुंबक फिरता असतो. त्यामुळें वेढ्यांची उष्णता डबीवाटे सहज बाहेर पडते. २०१४ सालीं अमेरिकेंतील यूटा संस्थानांत निक केस यांच्या बॅटरीवरील गाडीनें ताशीं ३२५ किलोमीटरांचा वेग गांठला. तिचें सारें शरीरच हवा कापण्यासाठीं घडविलेलें होतें.

तेव्हां हौशी माणसानें एक साधी संवय ठेवावी. मोटरींत कांहींही बदल केल्यावर गाडी दोनच मिनिटें धांवडवावी, आणि मोटरीजवळ हात नेऊन तिची धग पाहावी. वेग डोळ्यांना दिसतो; त्याचें मोल मात्र हाताला कळतें.