चौदा वर्षांच्या मुलीची साक्ष

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध दोन हप्त्यांत छापून आला. पहिला हप्ता १५ फेब्रुवारीला, दुसरा १ मार्चला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे. मातंग समाजातली, लहुजी वस्ताद साळवे यांच्या घरातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. वय चौदा वर्षं, आणि शाळेत येऊन झालेली जेमतेम तीन वर्षं. एवढ्या शिदोरीवर या मुलीनं आपल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या सोसलेलं सगळं कागदावर मांडलं आणि खाली आपलं नाव दिलं.

आज मुक्ताबाईंना पुण्याची म्हणून ओळखलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्या हाती पाटी आली ती नगरच्या वाटेनं, हे नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवं.

नगरची वाट

अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपलं ठाणं उभारलं. सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका पुढं इथं आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी मिस फरार यांची शाळा पाहिली आणि त्यांच्या मनानं घेतलं की आपल्याकडच्या मुलींनाही असंच शिकवायचं. पुण्याला परतून त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही शिकवण्याचं शिक्षण नगरला मिस फरार यांच्याकडे घेतलं. पुढं फुल्यांनी महार-मांग मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा वस्तीतून मुलं शाळेत आणण्यासाठी लहुजी वस्ताद आणि राणबा महार घरोघर फिरले.

‘ज्ञानोदय’चा जन्मही नगरचाच. मिशननं ते १८४२ साली इथं सुरू केलं, नंतर ते मुंबईहून निघू लागलं. म्हणजे मुक्ताबाईंना शिकवणारी बाई नगरला तयार झाली आणि त्यांचं लिखाण छापणारं पत्रही मूळचं नगरचं.

निबंधात काय आहे

हा निबंध म्हणजे दयेची याचना नाही. सुरुवातच मुक्ता धर्माच्या प्रश्नाला हात घालून करते. वेद ब्राह्मणांनीच वाचायचे आणि आम्ही पाहिले तरी पाप, असं असेल तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, असं ती सरळ म्हणते. मग आमचा धर्म कोणता, हे देवा तूच सांग. एकानं भोगायचं आणि बाकीच्यांनी वंचित राहायचं, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, इथपर्यंत ती जाते. १८५५ साली हे छापून येणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

मग ती एकेक गोष्ट सांगत जाते. वाडे बांधताना महार-मांगांना तेल-शेंदूर पाजून पायात पुरत. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून त्यांच्यातला कोणी गेला, तर त्याचं डोकं उडवून तलवारींनी त्याचा चेंडू खेळत. कोणी लिहाय-वाचायला शिकला तर त्याला शिक्षा होई. पेशवाई जाऊन तेव्हा चाळीस वर्षंही झाली नव्हती. हे ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, अशी म्हातारी माणसं तिच्या वस्तीत होती.

निबंधातल्या दोन जागा वाचताना मात्र थांबायला होतं. एका ठिकाणी ती बाळंतिणींबद्दल लिहिते. घरावर छप्पर नाही, अंगावर पाऊस आणि थंडी, आणि त्यातच बाळंतपणाचं दुखणं उलटलं तर वैद्याला द्यायला पैसा कुठून आणायचा? दुसऱ्या ठिकाणी ती मुलांबद्दल सांगते. ब्राह्मणांची मुलं दगड मारून जखमी करतात, तरी आमची मुलं तक्रार करत नाहीत, कारण उष्टं अन्न मागायला त्याच घरी जायचं असतं. अन्याय तोंड कसं बंद करतो, हे इतक्या थोडक्यात सांगायला मोठमोठ्या ग्रंथांनाही जमलेलं नाही. पोट ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं? शेवटी ती आपल्याच माणसांकडे वळून सांगते, की तुमच्या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे, तेव्हा शिका.

शंभर वर्षांनी माँटगोमेरीत

या निबंधाचा दुसरा हप्ता छापून आला त्याला शंभर वर्षं आणि एक दिवस झाला, त्या दिवशी, म्हणजे २ मार्च १९५५ रोजी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात क्लॉडेट कॉल्विन ही पंधरा वर्षांची काळी मुलगी शाळेतून घरी जाण्यासाठी बसमध्ये चढली. तिथल्या बसमध्ये पुढची आसनं गोऱ्यांची. गोऱ्या प्रवाशासाठी जागा रिकामी कर, असं ड्रायव्हरनं सांगितलं. ती उठली नाही. पोलिसांनी तिला खाली ओढलं, बेड्या घातल्या आणि कोठडीत टाकलं. त्याआधीच्याच महिन्यात शाळेत कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथ आणि हॅरिएट टबमन यांनी आपले खांदे दाबून आपल्याला खाली बसवून ठेवल्यासारखं वाटलं, असं तिनं पुढं सांगितलं.

अशाच कारणावरून रोझा पार्क्स यांना अटक झाली ती नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला. त्यांच्या नावानं मोठं आंदोलन उभं राहिलं आणि क्लॉडेट मागे पडली. ती गरीब होती, लहान होती, पुढं तिला दिवस गेले होते. चळवळीचा चेहरा म्हणून ती नेत्यांना पटली नाही. पण ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्यात ती चार फिर्यादींपैकी एक होती. १९५६ साली न्यायालयात उभं राहून तिनं आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं. त्याच खटल्यानं माँटगोमेरीच्या बसमधला वर्णभेद बेकायदा ठरवला.

वंशभेद आणि जातिभेद यांची मुळं वेगळी आहेत. पण माणसानं कुठं बसायचं, कुठून चालायचं आणि काय शिकायचं हे त्याच्या जन्मावरून ठरवायचं, ही रीत दोन्हींकडे एकच. जोतीरावांनी हे फार आधी ओळखलं होतं. १८७३ सालचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

साक्षीला कोण उभं राहणार?

मुक्ताबाईंनी आणि क्लॉडेटनं केलं ते एकच. जे घडलं ते स्वतःच्या नावानं, चारचौघांत सांगितलं. अन्याय सगळ्यांना दिसत असतो, पण तो सांगायला कोणी पुढं येत नाही, म्हणून तो टिकतो.

नगर जिल्ह्याला हे कोणी दूरवरून सांगायला नको. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी बोलल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली नगरच्या न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. चौदा वर्षांच्या मुलीनं जे धाडस केलं, ते जाणत्या माणसांना झेपलं नाही. त्यांच्यावर कोणता दाब आला असेल, हे मुक्ताबाईंच्या त्या उष्ट्या अन्नाच्या ओळींत शोधावं.

म्हणून मुलांच्या धाडसाचं नुसतं कौतुक करून भागत नाही. मुक्ता बोलू शकली, कारण तिला शाळेत आणणारे लहुजी होते, शिकवणाऱ्या सावित्रीबाई होत्या आणि छापणारं पत्र होतं. एकट्या मुलाकडून शौर्याची अपेक्षा करणारा समाज खरं तर स्वतःची जबाबदारी त्या मुलाच्या खांद्यावर टाकत असतो.

नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत नववीच्या वर्गात हा निबंध मोठ्यानं वाचला जावा. वाचून झाला की मुलांना आपापल्या गावाविषयी लिहायला सांगावं. पाणी कुठं भरतात, वरात कुठल्या आळीतून जाऊ देत नाहीत, पंगतीत कोण कुठं बसतं, मसणवटा कुणाचा कुठं आहे. मुलं खरं लिहितील, याबद्दल मला शंका नाही. ते लिखाण दडपलं जाऊ नये आणि लिहिणाऱ्या मुलाच्या केसालाही धक्का लागू नये, हे पाहणं मात्र मोठ्यांचं काम आहे आणि ते आपण करायलाच हवं.