खुश्की नव्हे, कोंडा

पीठ चाळल्यावर चाळणीत उरतो तो कोंडा आणि काळ्या कपड्यांवर खांद्यापाशी पडतो तोही कोंडाच. मराठीने दोन्हींना एकच नाव दिले आहे. ज्या कुणा बाईला हे साम्य पहिल्यांदा सुचले असेल, तिला मी मनातल्या मनात कवयित्री मानते. गंमत म्हणजे ग्रीक भाषेतही असेच घडले. तिथे धान्याच्या कोंड्याला 'पिटिरॉन' म्हणत आणि त्यावरूनच डॉक्टरांच्या पुस्तकातले 'पिटिरिआसिस' हे नाव आले.

आमच्या घरी मात्र शब्द वेगळा होता. माझे लहानपण नाना पेठेत गेले. शाळेत मराठी, घरी दख्खनी. त्यामुळे शाळेत जो कोंडा होता, तो घरी आला की खुश्की व्हायचा. खुश्की म्हणजे कोरडेपणा. अम्मी केसांत बोटे फिरवून म्हणायची, "सर में खुश्की हुई है, तेल डालना पडेगा." आजाराला कोरडेपणा म्हटले की औषध तेल, हे ठरूनच जाते. नाव पुढे चालते आणि उपाय त्याच्या मागोमाग येतो. शेजारच्या मराठी घरांतही वेगळे नव्हते. टाळू सुकली आहे, रात्री तेल चोपून ठेव, सकाळी न्हा. पिढ्यान् पिढ्या आपण हेच करत आलो. त्या तेलात माया होती यात शंका नाही. पण कोंडा आणि तेल यांचे नाते आपण समजतो त्याच्या जवळजवळ उलटे आहे, आणि आज मला बोलायचे आहे ते त्याविषयी.

याला निमित्त माझी भाची. ती शिकायला म्हणून आमच्याकडे कोंढव्यात राहते. कमरेपर्यंत केस. पुण्यातल्या बाकी मुलींसारखीच तोंडाला आणि डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून, वर हेल्मेट घालून स्कूटरवर कॉलेजला जाते. मध्यंतरी तिने काळे, निळे कपडे घालणे सोडले. मग कळले की वर्गात ती शेवटच्या बाकावर बसते. "खाला, मागे कुणी असलं की मला डोकं खाजवता येत नाही," असे तिने मला सांगितले. एक दिवस म्हणाली, मी केस कापूनच टाकते. मी म्हटले, कापायचे तर हौसेने काप, खाजेला घाबरून नको. मग आम्ही दोघींनी मिळून एकेक घरगुती उपाय तीन-तीन आठवडे करून पाहायचे ठरवले आणि रोजची नोंद माझ्या कवितांच्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवली.

आधी कोंडा होतो कसा ते सांगते. आपल्या डोक्याची त्वचा सतत नवी होत असते. साधारण महिनाभरात खालच्या पेशी वर येतात आणि गळून जातात. एरवी त्या सुट्या सुट्या गळतात, म्हणून दिसत नाहीत. कोंड्यात हे काम घाईघाईने होते, अर्धवट सुटलेल्या पेशी एकमेकींना चिकटून पापुद्र्याने निघतात आणि मग त्या खांद्यावर दिसू लागतात. ही घाई लावणाऱ्यांत मोठा वाटा असतो तो मॅलॅसेझिया नावाच्या एका सूक्ष्म बुरशीचा. एकोणिसाव्या शतकात लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला, म्हणून हे नाव. ही बुरशी तुमच्या, माझ्या, जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर असते. तिला घालवून देता येत नाही. तिची खोड अशी की तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही. २००७ साली तिच्या एका जातीची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की चरबी तयार करण्याचे जनुकच तिच्याकडे नाही. म्हणून ती आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगते. त्यातला हवा तो भाग खाते आणि ओलेइक आम्लासारखे काही पदार्थ मागे टाकते. या आम्लाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, काहींच्या नाही. कोंडा होणाऱ्या माणसांच्या स्वच्छ केलेल्या टाळूवर नुसते ओलेइक आम्ल लावून पाहिले तर पापुद्रे सुटू लागले, इतरांच्या टाळूवर काहीच झाले नाही. एकाच घरात, एकाच बाटलीतले तेल लावून एका बहिणीला कोंडा आणि दुसरीला नाही, असे का होते त्याचे उत्तर यात आहे.

तेव्हा खुश्की हे नाव फसवे आहे. ज्याला आपण कोरडेपणा म्हणतो तो तेल खाणाऱ्याचा उपद्व्याप असतो. रात्रभर चोपलेले तेल पापुद्रे मऊ करते, ते केसांना चिकटून बसतात, सकाळी दिसत नाहीत आणि आपल्याला वाटते, गुण आला. खाली त्या बुरशीची मात्र मेजवानी झालेली असते. ऑलिव्ह तेलात तर बहुतांश ओलेइक आम्लच असते. परदेशी आणि महाग म्हणून ते टाळूला चांगले, असे नव्हे.

खोबरेलाच्या बाबतीत दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ साली भारतीय स्त्रियांवर झालेल्या एका अभ्यासात काही आठवडे नियमित खोबरेल लावल्यावर टाळूवरच्या सूक्ष्मजीवांचे संतुलन सुधारल्याचे दिसले. त्या अभ्यासात खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले संशोधकही होते, हे वाचताना लक्षात ठेवावे. दुसरा एक अभ्यास २००३ सालचा, मुंबईतला. धुण्याआधी लावलेले खोबरेल केसांतली प्रथिने निघून जाण्याचे प्रमाण कमी करते, सूर्यफुलाचे तेल करत नाही, असे त्यात आढळले. तेल केसाला मानवते ते असे. म्हणून आमच्या घरात आता तेल कानाच्या खाली, केसांच्या लांबीला लागते, टाळूला नाही.

आता वहीतल्या नोंदी. लिंबू झोंबले. पहिल्या दिवशी डोके लख्ख वाटले, तिसऱ्या दिवशी पापुद्रे हजर. वर लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर त्वचेवर चट्टे उठू शकतात, म्हणून ते आम्ही लवकर सोडले. आंबट दह्याने पापुद्रे सुटायला मदत झाली, पण स्कार्फला जो वास बसला तो दोन धुण्यांतही गेला नाही. भिजवलेल्या मेथीचा लेप थंड वाटतो, खाज दिवसभर कमी राहते; मात्र मेथीचे कण केसांत असे अडकतात की कोंडा परवडला. कडुनिंबाच्या पाण्याने आम्हाला तरी काही फरक दिसला नाही. प्रयोगशाळेत कडुनिंब बुरशीला रोखतो, पण काचेच्या बशीतली बुरशी वेगळी आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या डोक्यावरची वेगळी. खोबरेलात कापूर घालायला मी नकार दिला. कापराने खाज मरत नाही, गारव्याने ती काही वेळ विसरली जाते एवढेच, आणि घरात लहान मूल असेल तर थोडासा कापूर पोटात गेला तरी फेफरे येऊ शकते.

सगळ्यांत बरा निघाला तो शिकेकाई-रिठ्याचा काढा. मंडई आणि तुळशीबागेच्या परिसरात काष्ठौषधींची जुनी दुकाने आहेत, तिथून शिकेकाईच्या शेंगा, रिठे आणि आवळकाठी आणली. रिठ्याच्या बिया काढून सगळे रात्रभर भिजवले, सकाळी उकळून, कुस्करून गाळून घेतले. शिकेकाई आणि रिठे या दोन्हींत सॅपोनिन नावाचे फेसाळणारे द्रव्य असते आणि ते तेलकटपणा पाण्याबरोबर काढून नेते. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा साका होतो आणि तो केसांत बसून कोंड्यासारखाच दिसतो. शिकेकाईचा तसा साका होत नाही. कोंढव्यात टँकर आणि बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. डोळे मात्र गच्च मिटा. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की आयुष्यातली सगळी पापे आठवतात.

पण गुण आला तो शिकेकाईमुळे, की आठवड्यातून एकदा न्हाण्याऐवजी भाची दोनदा न्हाऊ लागली त्यामुळे? मला वाटते, दुसऱ्यामुळे जास्त. स्कार्फ आणि हेल्मेटखाली घाम कोंडतो, टाळू दमट राहते. २०१९च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीची मोहीम निघाली तेव्हा हेल्मेटने केस गळतात, कोंडा होतो, अशी ओरड झाली होती. कोंडा झाला तर धुता येतो, फुटलेले डोके धुऊन सांधत नाही. हेल्मेटच्या आत सुती रुमाल घ्या आणि तो रोज धुवा.

धुण्याचा विषय निघाला आहे तर 'शाम्पू' या शब्दाचे सांगितल्यावाचून राहवत नाही. बाटलीवर तो इंग्रजीत येतो, पण आहे आपल्याकडचा. हिंदीतले चाँपना, चंपी, आपले पाय चेपणे, या घरातला. तो विलायतेत रुजवण्यात मोठा हात शेख दीन महंमद यांचा. जन्म १७५९ साली, पाटण्याचा. इंग्लंडात ब्रायटनला त्यांनी वाफेचे स्नानगृह काढले, तिथे ते लोकांचे अंग चेपून देत आणि त्याला 'शाम्पूइंग' म्हणत. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांची त्यांनी अशी सेवा केली. केस धुणे हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला.

शिकेकाईने भाचीची खाज निम्मी झाली, पुरती गेली नाही. मग त्वचारोगतज्ज्ञांनी कीटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, टाळूवर पाच मिनिटे ठेवून मग धुवायचा, चार आठवडे. बहुतेक जण तो लावून लगेच धुतात आणि गुण येत नाही म्हणून औषधाला नावे ठेवतात. आता ती तो पंधरा दिवसांतून एकदा वापरते, बाकी शिकेकाई. कोंडा कायमचा जात नाही, आटोक्यात राहतो.

एक गोष्ट मात्र आयांनी ऐकाच. ही बुरशी तेलावर जगते आणि त्वचेतून भरपूर तेल पाझरू लागते ते मुले वयात आल्यावर. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट खवले येतात ते वेगळे. ते बहुधा आपोआप जातात. पण पाच-सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पापुद्रे दिसले, तिथले केस मुळाशी तुटलेले असले, गोल चट्टा पडला असला, तर तो सहसा कोंडा नसतो. तो डोक्याचा नायटा असू शकतो. तो एका कंगव्यातून, एका टोपीतून सगळ्या घरात पसरतो आणि त्याला लेप, तेल, शाम्पू पुरत नाहीत. आठवडेच्या आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. उशीर झाला आणि गाठ येऊन पू झाला तर त्या जागी पुन्हा केस न उगवण्याचा धोका असतो. मोठ्यांच्या डोक्यावर जाड, चंदेरी पापुद्रे आले, ते केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरले, कोपर-गुडघ्यांवरही दिसले, तर सोरायसिस आहे का ते पाहून घ्यावे. काळी मेहंदी लावल्यानंतर खाज सुटून पाणी येऊ लागले, तर तो दोष मेहंदीच्या पानांचा नव्हे, तिच्यात मिसळलेल्या रंगाच्या रसायनाचा असतो. ती पुन्हा लावू नये. यांतले काहीही असले तर दही-लिंबू बाजूला ठेवून ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवावे. आणि घरी आल्यावर सगळ्यांचे कंगवे वेगळे करून गरम पाण्यात साबण घालून धुवावेत.