उरलेल्या सांबार-भाताचा वायू

तंजावर भागातल्या शेतकऱ्यांना मीथेन भेटला तो आंदोलनात. मन्नारगुडी परिसरातल्या कोळशाच्या थरांतून हा वायू काढण्याचं कंत्राट २०१० साली एका कंपनीला मिळालं आणि गावं उठली. सेंद्रिय शेतीचे प्रणेते नम्माळ्वार डिसेंबर २०१३मध्ये पट्टुकोट्टैजवळ वारले, तेही याच आंदोलनाच्या प्रचारासाठी फिरत असताना. २०२०मध्ये तमिळनाडूने कायदाच केला आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषी क्षेत्राचा दर्जा दिला.

जमिनीखालचा मीथेन असा अडला. जमिनीवरचा मात्र सुटतोच आहे, हॉटेलात केळीच्या पानावर उरलेल्या सांबार-भातातून. (सांबार तंजावरच्या मराठी दरबारात जन्मलं, ही कथा खरी असो-नसो, ते टाकून देण्यात आपण सारेच वाटेकरी.)

हे खरकटं जाऊन पडतं त्या उकिरड्याच्या पोटात हवा पोचत नाही. तिथे भातातला स्टार्च इडलीच्या पिठासारखा आधी आंबतो. मग आर्किया नावाचे अतिप्राचीन सूक्ष्मजीव त्या आंबवणातून मीथेन बनवतात. पाण्याने भरलेल्या भातखाचरातही हेच जीव राबतात. म्हणजे भात उगवतानाही मीथेन आणि फेकल्यावरही! खत म्हणून हे खरकटं कच्चंच खाचरात लोटलं, तर या जीवांना आयती मेजवानी. शंभर वर्षांच्या हिशेबात मीथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास.

तोच वायू टाकीत कोंडून शेगडीत जाळला, तर गॅसचीही बचत. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र बनवलं. २००६मध्ये त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा आहे. शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चारा. भातात ते शाबूत असतं, म्हणून वायू लवकर आणि भरपूर मिळतो.

पण लग्नाच्या पंगतीचा सगळा भात एकदम ओतला, तर टाकी आंबट होते आणि आर्किया काम थांबवतात. रोज थोडं थोडंच घालावं. केळीचं पान मेणचट, धागेदार; ते टाकीत तुंबतं, गुरांपुढे किंवा कंपोस्टमध्येच बरं.

मीठ मात्र कुणीच पचवत नाही. ते टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ मळीत आणि मळीतून शेतात उतरतं. नागपट्टिणमकडे समुद्राच्या पाण्याने आधीच खारावलेल्या जमिनीत ही मळी देण्यापूर्वी तिचा खारेपणा तपासावाच लागेल, आचाऱ्याने मीठ अंदाजाने घातलं असलं तरी.