साष्टीच्या खोतांचे दप्तर

साष्टी बेटावर सरकारकडून गावे घेऊन वसूल करणाऱ्या खोतांच्या दप्तरात सनदा, पट्टे, खरेदीखते, गावनकाशे, वसुलाच्या वह्या, मृत्युपत्रे आणि कोर्टाचे हुकूमनामे येतात. कुर्ला, पवई, विक्रोळी, मालाड ही नावे आज रेल्वे स्टेशने आणि गृहसंकुलांमुळे ओळखीची आहेत. दीडशे वर्षांपूर्वी ही खोतीची गावे होती, आणि तिथल्या इमारतींखालच्या जमिनीचा मालकीहक्क शोधत मागे गेले की अनेकदा ईस्ट इंडिया कंपनीच्या एखाद्या करारापाशीच येऊन थांबावे लागते.

डिसेंबर 1774 मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या साल्बाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. बेटावर पडीक जमीन फार होती. ती लागवडीखाली यावी म्हणून कंपनीने पदरी पैसा असलेल्या माणसांना गावेच्या गावे दिली. पवई 1799 मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांना मिळाली. कुर्ला व आसपासची गावे 1808 मध्ये होरमसजी बमनजी वाडिया यांच्याकडे गेली. मुंबईच्या कोटातील अपोलो दरवाजाजवळची त्यांची जागा सरकारला हवी होती, तिच्या बदल्यात. कोटातल्या एका जागेला साष्टीतली इतकी गावे, हा त्या काळचा जमिनीचा भाव!

1829 मध्ये पवई फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. त्यांनी तिथे ऊस, नीळ, तुती आणि आंब्याची लागवड केली, आणि 1838 मध्ये राणी व्हिक्टोरियाला मुंबईहून आंबे पाठवले. चरित्रकारांना ही आंब्यांची गोष्ट फार प्रिय आहे. जमिनीच्या इतिहासात मात्र त्याहून मोठे काम केले ते 7 जुलै 1835 च्या एका कराराने. त्याने विक्रोळी गावची पडीक जमीन बनाजींना कायमच्या पट्ट्याने मिळाली.

अशा दप्तरात तीन थर असतात. वरचा थर सरकारशी झालेल्या इंग्रजी करारांचा. त्याखाली गावपातळीचे मराठी कागद, जुने असतील तर मोडीतले: कुळे, पिके, हद्दी, बांध. तिसरा थर मालक घराण्याचा, म्हणजे हिशेब, वाटण्या, वारसांची नावे. पारशी घराण्यांत हे बहुधा गुजरातीत. वेल्समधील विनस्टेसारख्या मोठ्या इस्टेटींचे खंडाचे हिशेब, विवाहकरार आणि हक्कपत्रे अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एकत्र पाहता येतात. साष्टीत घराण्याचे कागद तसे एका जागी आले नाहीत. सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात राहिला. 1821 मध्ये स्थापन झालेली ही कचेरी आज एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. गावचे कागद महसूल खात्यात गेले. बाकीचे जे उजेडात आले, ते मुख्यतः खटल्यांमुळे.

महसुली पत्तेही बदलत गेले. साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. 1920 मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. देवनारमधल्या एखाद्या सदनिकेच्या दस्तात आजही ‘मौजे देवनार, तालुका कुर्ला’ असेच लिहिले जाते. शेत गेले, बांध गेला, तरी मौजे कागदावर टिकून आहे.

या दप्तराला खरी धार आणली ती 1951 च्या साष्टी इस्टेट जमीनमहसूल माफी निर्मूलन कायद्याने. इस्टेटींना असलेली महसुलाची माफी तर गेलीच, शिवाय इस्टेटीतली जी पडीक जमीन 14 ऑगस्ट 1951 पूर्वी वापरात किंवा लागवडीखाली आणलेली नव्हती, ती सरकारजमा ठरली. एका तारखेआधी जमिनीवर काय चालले होते, यावर मालकी अवलंबून राहिली. एरवी गवताच्या मक्त्याची पावती कोणी जपून ठेवली नसती; आता तसला कागदही पुरावा ठरू शकत होता.

विक्रोळीत तोवर बनाजींचा हक्क नवरोजी पिरोजशा यांच्याकडे आणि 1948 च्या खरेदीखताने गोदरेज कंपनीकडे आला होता. कायद्याविरुद्धचा दावा 1953 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला आणि 8 जानेवारी 1962 रोजी सहमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. 31 गुंठे वगळता विक्रोळीतली वादातली सारी जमीन मालकाची, असे सरकारने मान्य केले.

दरम्यान 1956 मध्ये वन कायद्याच्या कलम 35 खाली एक नोटीस निघाली होती. तिच्यावर पुढे काहीच झाले नाही. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याने अशा नोटिशीखालची जमीन वन ठरवून सरकारकडे घेतली, तरीही तिथल्या बांधकामांना सरकारी परवानग्या मिळत राहिल्या. 2006 मध्ये महसूल दप्तरात अशा जमिनी वन असल्याचे फेरफार नोंदले गेले आणि नोटीस पन्नास वर्षांनी जागी झाली. विक्रोळीतली 133 एकर 38 गुंठे जमीन वादात सापडली. मुलुंडसह इतर ठिकाणच्या रहिवासी इमारतींवरही तीच टांगती तलवार आली. उच्च न्यायालयाने 2008 मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी तो निकाल फिरवला. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. बजावणीचा समाधानकारक पुरावा सरकारकडे नव्हता. इतक्या मोठ्या जमिनीचा प्रश्न अखेर एका पोचपावतीवर येऊन ठेपला, यात नवल नाही. महसुली दप्तराचा स्वभावच तो आहे.

विक्रोळीच्या या साखळीत त्यानंतरही भर पडली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी तिथली सुमारे 10 एकर जमीन संपादित झाली. सप्टेंबर 2022 च्या निवाड्यात 264 कोटी रुपयांची भरपाई ठरली आणि 9 फेब्रुवारी 2023 रोजी उच्च न्यायालयाने त्याविरुद्धची गोदरेज कंपनीची याचिका फेटाळली.